महालातील जुन्या घराची चुन्यातली दुरुस्ती : एका मिस्त्रींच्या कामाविषयी

नागपुरात महाल भागात, बडकस चौकातून आत वळणाऱ्या एका गल्लीत, आमचे आजोबांच्या वेळचे दुमजली घर आहे. आजी गेल्यानंतर अकरा वर्षे त्याला कुलूप होते. छपराचे कवेलू सरकले होते, माजघराच्या कोपऱ्यात वाळवीने वारूळ केले होते आणि घराच्या आतल्या चौकातल्या भिंतीवर पिंपळाने हातभर मूळ सोडले होते. नोकरीतून दीर्घ रजा घेऊन मी तिथे राहायला गेले, ते हे घर उभे करण्यासाठी आणि तीन वर्षे अडलेल्या कादंबरीचा दुसरा खर्डा पूर्ण करण्यासाठी. नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत ज्या मिस्त्रींनी आणि त्यांच्या चार माणसांनी हे काम केले, त्यांच्या सेवेबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण जुन्या घरात राहून दुसरेही काही काम करू पाहणाऱ्या माणसाला दरपत्रकातून जे कळत नाही ते मला त्यांच्याकडून मिळाले.

काम पाहायला आले त्या दिवशी त्यांनी टेप बाहेर काढण्याआधी हातोडीच्या दांड्याने ओसरीची भिंत ठोकत नेली. एका ठिकाणी आवाज पोकळ आला. तिथे छिन्नी लावताच पोळपाटाएवढी सिमेंटची खपली सुटून खाली पडली आणि मागची वीट बोटाने खरवडताच पिठासारखी गळू लागली. पूर्वी कुणा ठेकेदाराने ओल दिसते म्हणून जमिनीपासून तीन फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा केला होता. मूळ भिंत मऊ भाजणीच्या विटांची आणि चुन्याची. जमिनीतून चढणारी ओल तिच्यातून सहज बाहेर पडत असे. सिमेंटने ती वाट बंद झाली, पाणी आतच राहिले आणि त्याबरोबर आलेल्या क्षारांनी विटेचा चेहरा फोडून टाकला. "भिंतीले वरून दाबून काय होते ताई, पाणी तर खालून येते," एवढेच ते म्हणाले. त्याआधी तीन जणांनी मला ओल थांबवण्याची निरनिराळी रसायने सुचवली होती, परंतु ओल कुठून येते हे त्यांच्यापैकी एकानेही पाहिले नव्हते.

त्यांची कामाची पद्धत सावकाश आहे आणि ती तशीच असायला हवी. कळीचा चुना त्यांनी मागच्या अंगणातल्या हौदात विझवला, तीन आठवडे पाण्याखाली ठेवला आणि मग चाळून घेतला. गिलाव्यासाठी एक भाग चुना आणि तीन भाग वाळू व सुरखी (भाजलेल्या विटांचा चुरा) मिळून, असे प्रमाण होते. थर पातळ द्यायचा, त्यावर ओली पोती लावायची आणि पुरेसे दिवस गेल्याशिवाय दुसऱ्या थराला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम होता. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो आणि त्यासाठी भिंतीत ओलावा टिकावा लागतो. नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत थर वरून करकरीत वाळतो आणि आतून कच्चा राहतो, म्हणून मार्चअखेर काम संपवायचे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले होते.

माझ्या दृष्टीने खरी मोलाची गोष्ट याच सावकाशीतून निघाली. बोलणी ठरत असतानाच त्यांनी विचारले, "तुमी लिहिता तेव्हा आवाज चालते का?" चालत नाही म्हटल्यावर त्यांनी एका रेघी वहीत तारखा आखून दिल्या : फोडकाम कोणत्या दिवशी, धूळ कधी, आणि थर वाळत असताना माणसे कोणत्या दिवशी येणारच नाहीत. सर्वांत आधी त्यांनी माडीवरची रस्त्याकडची खोली पूर्ण करून माझ्या ताब्यात दिली आणि तिच्या दाराला ओली चादर टांगली. माणसे नऊला येत. मी पाचपासून साडेआठपर्यंत लिहीत असे. याशिवाय दर थरानंतर सहा-सात दिवस घर पूर्ण शांत असे. हे दिवस मला आधीपासून ठाऊक असल्यामुळे लांबलचक, एका बैठकीत लिहावी लागणारी प्रकरणे मी त्यांच्यासाठी राखून ठेवली आणि फोडकामाच्या दिवशी फक्त लिहिलेले तपासले. दीडशे पाने याच पद्धतीने झाली. कमी दरात, पण कधी येतील याचा भरवसा नसलेली माणसे मी घेतली असती, तर त्यांतली पन्नासही झाली नसती, असे मला मनापासून वाटते.

लाकूडकाम त्यांच्या ओळखीच्या सुताराने केले. तुळया सागवानी होत्या आणि मध्यभागी अजूनही निरोगी होत्या; भिंतीत गेलेली टोके मात्र ओलीने कुजली होती. अख्खी तुळई न बदलता सुताराने कुजका भाग कापून त्याच जाडीच्या सागाचा तिरपा सांधा दिला आणि सगळ्यावर जवसाचे तेल फिरवले.

तक्रारीच्या दोन बाबी आहेत. मिस्त्री दुसऱ्या कामावर असताना एका बिगाऱ्याने चौकातल्या कोपऱ्याला घाईने सिमेंट थापले. संध्याकाळी येऊन मिस्त्रींनी ते स्वतः फोडले आणि त्याचे पैसे लावले नाहीत, तरी माझा एक शांत दिवस त्यात गेला. दुसरे म्हणजे लाकडाचा खर्च सांगितल्यापेक्षा बराच वाढला. भिंत उघडल्याशिवाय टोकांची स्थिती कळत नाही हे मान्य, पण ही शक्यता दरपत्रकात लिहून यायला हवी होती. विजेचे काम ते करत नाहीत, तेव्हा नळ्या गिलाव्याच्या आधी टाकून घ्याव्यात. मी उशीर केला आणि एक नवी भिंत पुन्हा खाचावी लागली.

एकूण खर्च सिमेंटमध्ये काम करण्यासाठी मला मिळालेल्या दरांच्या सुमारे दीडपट झाला. ज्यांना महिन्याभरात घर भाड्याने द्यायचे आहे, त्यांच्यासाठी ही सेवा नाही. मागची पडवी अजून बाकी आहे. दिवाळीनंतर करायचे तिचे काम याच मिस्त्रींकडे दिले असून, त्यांनी आखलेल्या तारखांचे पान माडीवरच्या टेबलासमोर आत्ताच लावून ठेवले आहे.