हायब्रिड की इलेक्ट्रिक? आधी पार्किंग बघा

दोन वर्षांपूर्वी घोडबंदर रोडला राहायला आलो आणि गाडी बदलायची ठरली. स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला मोटर आणि चालता चालता भरणारी बॅटरी, की पूर्ण इलेक्ट्रिक, एवढाच प्रश्न होता. वायर लावूनही चार्ज होते त्या प्लग-इन हायब्रिडचा मोह झाला, पण आपल्याकडे ती महागड्या गाड्यांतच मिळते. शिवाय रोज वायर लावायचा कंटाळा केला, तर ती मोठी बॅटरी उगाच वाहून नेणारी पेट्रोलची गाडीच.

खर्चात इलेक्ट्रिक जिंकते, वादच नाही. मेव्हण्याची गाडी इलेक्ट्रिक, तो खारघरला रो-हाउसमध्ये राहतो. रात्री जेवला की वायर लावतो, ८० टक्क्यांवर थांबवतो. युनिटमागे सात-एक किलोमीटर जाते म्हणतो. त्यात गाडी इलेक्ट्रिक म्हणून ऑगस्ट २०२५ पासून त्याला अटल सेतूचा टोलही माफ.

गाडी घेण्याआधी तीच गाडी त्याने मला दोन आठवडे वापरायला दिली होती. आमच्याकडे स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाड्या. माझी जागा खाली, वरच्या पॅलेटवर सातव्या मजल्यावरचे काका. माझी गाडी हलल्याशिवाय त्यांची उतरत नाही. एरवी किल्ली वॉचमनकडे असते, तो काढून देतो. पण खांबावरच्या चार्जिंग पॉइंटची वायर गाडीला लागलेली दिसली की तो हात लावेना. सकाळी सहाला बेल. "अहो, तेवढी वायर काढता का? फ्लाइट आहे." गाडी अनलॉक केल्याशिवाय चार्जिंगची गन निघत नाही, म्हणजे पायजम्यावर खाली जाणं आलंच. चौथ्या दिवसापासून काका नुसता मिस्ड कॉल द्यायला लागले. रात्री वायर लावताना मीच आधी त्यांना फोन करून विचारायचो, उद्या किती वाजता निघणार?

शेवटी हायब्रिड घेतली. ब्रेक दाबला की बॅटरी आपली आपण भरते, त्यामुळे कापूरबावडीच्या गर्दीत २२-२३ चं मायलेज मिळतं आणि एक्सप्रेस वेवर उलट १८ वर येतं. मोजणी टाकी फुल ते टाकी फुल, तीही आळशीपणाने केलेली. ग्रँड व्हिटारा, हायरायडर या हायब्रिड गाड्यांचा कागदावरचा २७.९७ चा आकडा मनात धरून बसू नका. बॅटरीने डिकीतली जागा खाल्ली आहे, गणपतीला गावी निघालो की एक पिशवी हमखास बायकोच्या मांडीवर. चालतं.

तुमची जागा जमिनीवर असेल आणि मीटर स्वतःचा, तर कदाचित मेव्हण्याचं ऐकलेलं बरं. स्टॅक असेल तर मी तरी हायब्रिडच म्हणेन.

परवा काकाच इलेक्ट्रिकची चौकशी करत होते. वरच्या पॅलेटला पॉइंट कुठून द्यायचा, यावर कमिटीची मीटिंग रविवारी आहे.