जुना मॉल दुरुस्त करायचा की पाडून नवा बांधायचा? गाळेधारकांसाठी तुलना

गाळे विकून उभे राहिलेले वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे मॉल आज शहरांच्या ऐन मध्यात थकून उभे आहेत. सरकता जिना बंद पडलाय, म्हणून त्याच्याच पायऱ्या चढून वर जायचं. एसीचा मुख्य प्लांट केव्हाच बंद, त्यामुळे ज्याने त्याने आपल्या गाळ्यात स्प्लिट एसी बसवलाय, आणि त्यांची बाहेरची युनिटं मागच्या पॅसेजमध्ये एकावर एक टांगलेली, गरम हवा फेकत. वायरिंगच्या डक्टमध्ये कुणाचे तरी मालाचे खोके. दुसऱ्या मजल्यावरची निम्मी शटरं खाली. अशा ठिकाणी तुमचा गाळा असेल, तर सोसायटीच्या सभेत आज ना उद्या हा प्रश्न येणारच.

सभेतली बोलणी बहुतेक वेळा ‘कारपेट किती वाढवून मिळणार’ इथूनच सुरू होतात. ती स्ट्रक्चरल ऑडिटपासून, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीपासून, सुरू व्हायला हवीत. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतीला ते बंधनकारक आहे, पण मॉलने तेवढी वाट पाहू नये. महापालिकेच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची इमारत. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. अहवाल सी-१ आला तर पुढची तुलना वाचायची गरज नाही, इमारत सोडा. ऑडिटर मात्र सोसायटीने नेमलेला हवा, पुनर्विकासाची ऑफर घेऊन आलेल्या बिल्डरने सुचवलेला नको.

दुरुस्ती

हिची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे धंदा चालू राहतो. काम रात्री करता येतं, एकेक विंग घेता येते, आणि गिऱ्हाइकाची पावलं दुसरीकडे वळत नाहीत. अडचण पैशांची. ज्यांची शटरं बंद आहेत ते मेंटेनन्सच भरत नाहीत, मग दुरुस्तीची वर्गणी कुठून देणार? थोड्या चालत्या गाळ्यांवर सगळा भार येतो आणि काम अर्ध्यात अडकतं.

पैसे कमी असतील तर पहिला रुपया आगीच्या बंदोबस्तावर घाला, दर्शनी काचांवर नव्हे. २२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईत नागपाड्याच्या सिटी सेंटर मॉलला आग लागली. तिथे मोबाइलची दुकानं खच्चून भरलेली होती. ती विझायला दोन दिवसांहून जास्त लागले आणि शेजारच्या टॉवरमधून सुमारे साडेतीन हजार माणसांना बाहेर काढावं लागलं. पाच महिन्यांनी भांडुपच्या ड्रीम्स मॉलला आग लागली आणि वरच्या कोविड रुग्णालयातले रुग्ण दगावले. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म ‘बी’, म्हणजे अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घेऊन द्यावा लागतो. तुमच्या मॉलचा शेवटचा फॉर्म कधीचा आहे, हे सेक्रेटरींना आजच विचारा. पॅसेजमधले खोके हलवायला तर वर्गणीही लागत नाही.

दुरुस्तीने बरं न होणारं दुखणंही असतं. मुंबईत हाजी अलीचा क्रॉसरोड्स मॉल १९९९ मध्ये उघडला तेव्हा लोक नुसता बघायला यायचे. गर्दी आवरायला सुरुवातीला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवून आत सोडत. पुढे तो फ्युचर ग्रुपकडे गेला, सोबो सेंट्रल झाला, नाव बदललं, दुकानं बदलली, तरी गर्दी परतली नाही. ती लोअर परळला फिनिक्स मॉलकडे गेली होती. फिनिक्सचं बळ मालकीत आहे. दुकानं भाड्याने दिलेली असल्यामुळे कोणतं दुकान कुठे बसवायचं आणि कोणतं हलवायचं हे एकच कंपनी ठरवते. तीनशे मालकांच्या मॉलला हे जमत नाही. म्हणून दुरुस्ती करायचीच असेल, तर निदान बंद गाळे एकत्र करून एकाच हाती भाड्याने देण्याचा ठराव तिच्यासोबत करा. माझ्या मते लिफ्ट आणि रंगापेक्षा हा ठराव जास्त कामाचा आहे.

पाडून नवा

ब्रिटनचे मॉल आपल्या आधी म्हातारे झाले, त्यामुळे तिथली दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. बर्मिंगहॅमचं बुल रिंग १९६४ चं. लोकांना अंधाऱ्या भुयारी वाटांतून तिथे यावं लागे. ते पाडलं आणि सप्टेंबर २००३ मध्ये नवं उघडलं. नव्या आराखड्यात चालत यायच्या वाटा मोकळ्या केल्या, जुन्या बाजाराला शेजारीच जागा दिली, आणि ते धो धो चाललं. नॉटिंगहॅमचं ब्रॉडमार्श १९७० च्या दशकातलं. तिथे काम अर्ध्यावर असताना जून २०२० मध्ये मॉल चालवणारी इंटू ही कंपनीच बुडाली. अर्धवट पाडलेला सांगाडा शहराच्या मधोमध वर्षानुवर्षं तसाच राहिला. पुढे त्यातल्या काही जागेवर बाग झाली. दोन्ही ठिकाणी हेतू चांगलाच होता. दुसरीकडे काम संपेपर्यंत पैसा टिकला नाही.

पुनर्विकासात फ्लॅट आणि गाळा यांच्यात मोठा फरक आहे, आणि इथेच गाळेधारक फसतात. फ्लॅटला ४५० फुटांऐवजी ५५० फूट मिळाले की माणूस खूश. गाळ्याची किंमत मात्र फुटात कमी आणि तोंडात जास्त असते. तळमजल्यावर रस्त्याकडे दहा फूट दर्शनी असलेला गाळा देऊन पहिल्या मजल्यावर आत दीडपट जागा घेतली, तर कागदावर तुम्ही फायद्यात आणि गल्ल्यावर तोट्यात. बिल्डरला तळमजला विकायला हवा असतो, म्हणून नकाशात जुने गाळेधारक हळूच वर किंवा मागे सरकतात. ऑफरमध्ये मजला, दर्शनी रुंदी, खांब कुठे येतो, छताची उंची आणि फलकाची जागा हे सगळं नकाशासह लिहून घ्या.

दुसरा फरक शटर खाली राहण्याच्या काळाचा. बिल्डर देतो ते भाडं तुमच्या जागेच्या फुटांवर असतं, बुडालेल्या धंद्यावर नसतं. तीन वर्षं शिंप्याचं दुकान दुसऱ्या गल्लीत गेलं की जुनी गिऱ्हाइकं नवा शिंपी शोधतात. आणि जे स्वतः भाड्याने बसलेत, त्यांच्या हाती तर काहीच राहत नाही.

कोणी काय निवडावं

ऑडिट सी-२बी किंवा सी-३ असेल, आसपास लोकांची ये-जा टिकून असेल, आणि गाळ्यातला धंदा तुम्ही स्वतः करत असाल, तर दुरुस्ती. सी-२ए असेल तर दोन्हींचा खर्च लेखी मागवून मग ठरवा. गाळा नुसता गुंतवणूक म्हणून पडून असेल आणि त्याला भाडेकरूच मिळत नसेल, तर पुनर्विकासात तुमचं गमावण्यासारखं थोडं आहे. पण तुमच्या मतावर चालता गाळा असलेल्या शेजाऱ्याचं पोट ठरतं, हे हात वर करताना लक्षात असू द्या.

पुनर्विकासाकडे गेलातच, तर गृहनिर्माण संस्थांसाठी राज्याच्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ए खाली २०१९ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचना समोर ठेवा. त्यांत प्रकल्पाच्या किमतीच्या २० टक्के बँक गॅरंटी सांगितली आहे. तुमची सोसायटी व्यापारी गाळ्यांची असली तरी बिल्डरशी बोलताना तेवढीच मागा. काम दोन टप्प्यांत करून अर्धा मॉल चालू ठेवता येतो का, हे त्याच्याकडून लेखी घ्या. आणि नव्या इमारतीतल्या पर्यायी जागेचा करार तुमच्या नावाने नोंदणीकृत होऊन हातात येईपर्यंत गाळ्याची किल्ली देऊ नका.