आठ महिने, एक फोन आणि सहावीचं इंग्रजी

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ठरवलं होतं, यंदा इंग्रजीला नुसत्या पुस्तकावर बसायचं नाही. नेटवर ढीगभर साहित्य फुकट पडलंय म्हणतात, तर बघू या. पहिल्या पंधरवड्यातच फोनमध्ये पस्तीस-चाळीस लिंका जमा झाल्या. आता फेब्रुवारी संपत आलाय आणि रोजच्या वापरात त्यातल्या चार-पाचच उरल्यात.

आधी आमची परिस्थिती सांगते, म्हणजे माझं मत कुठल्या वर्गातून आलंय ते कळेल. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी जिल्हा परिषदेची शाळा. माझ्याकडे सहावी. घरी बहुतेकांची अहिराणी, काही पोरं पावरी बोलणारी, शाळेत मराठी आणि त्यावर इंग्रजी. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे खरी, पण आमची पोरं फळ्यावरचं सुबक उतरवून घेतात आणि तोंड उघडायची वेळ आली की शेजारच्याकडे बघतात. साधनं म्हणाल तर लोकवर्गणीतून आलेला टीव्ही, एक ब्लूटूथ स्पीकर आणि माझा स्वतःचा फोन, माझ्याच रिचार्जवर. रेंज ओट्यावर येते, वर्गात येत नाही.

त्यामुळे निम्म्याहून जास्त गोष्टी पहिल्याच महिन्यात बाद झाल्या. नेट गेल्यावर जे बंद पडतं ते आमच्या कामाचं नाही. मुलांकडून ईमेल मागणारंही नाही. एक ॲप तर बोललेलं ऐकून गुण द्यायचं. एका पोरानं ‘बनाना’ तीनदा म्हटलं, तिन्ही वेळा लाल फुली. चौथ्यांदा तो बोललाच नाही. पुढचे दोन दिवस वर्गातही गप्प होता. ते ॲप मी त्याच्या देखत काढून टाकलं.

सगळ्यात जास्त वापरलं गेलं ते प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ. चित्रांच्या गोष्टी, सोप्यापासून अवघडापर्यंत चार पातळ्या, आणि मुख्य म्हणजे पीडीएफ उतरवून घेता येते. त्यांचा परवानाच असा आहे की लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून गोष्ट छापा, वाटा, बदला, भाषांतर करा, सगळं चालतं. घरी रात्री उतरवायचं, पेनड्राइव्हवर टाकायचं, सकाळी टीव्हीला लावायचं. सहावीला मी बिनदिक्कत पहिल्या पातळीची गोष्ट देते. एका पानावर एखाद-दोन वाक्यं असली की पोरगं पान संपवतं, आणि पान संपवल्याची चव त्याला इंग्रजीत आधी कधी मिळालेलीच नसते.

सप्टेंबरात अशाच एका गोष्टीत केळीचं चित्र आलं. मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, हाई ते आम्हना मयानी केयी शे!” म्हणजे, ही तर आमच्या मळ्यातली केळी. एरवी मी “मराठीत बोल” म्हटलं असतं. त्या दिवशी फळ्यावर तीन रकाने आखले: केयी, केळी, बनाना. मग घडाला काय म्हणतात, फणीला काय, असं सुरू झालं. घड म्हणजे बंच, हे मला येत होतं. फणीला मात्र अडले. ओट्यावर जाऊन ऑनलाइन शब्दकोश उघडला तर फणीला ‘हँड’ आणि सुट्या केळ्याला ‘फिंगर’! पोरांनी हाताचा पंजा पसरून बघितला आणि वर्ग हसत सुटला. त्यांचे आईबाप केळीच्या बागेत कामाला जातात. कापणी, घड, फणी, सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्या तासाला ‘धिस इज अ हँड, धिस इज अ फिंगर’ न सांगता सगळ्यांनी म्हटलं. आता दर आठवड्याला एक शब्द त्यांच्याकडून येतो आणि शोधायचं काम माझ्याकडे असतं.

गूगलचं रीड अलाँग हे वाचनाचं ॲपही ठेवलंय. २०१९ मध्ये ते ‘बोलो’ नावानं आलं होतं. पोर मोठ्यानं वाचतं, अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की दिया नावाची बाहुली तो उच्चारून दाखवते. गोष्टी एकदा उतरवल्या की नेट लागत नाही. फोन एकच, म्हणून मधल्या सुट्टीत पाळीपाळीनं दहा मिनिटं. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपचं म्हणाल तर बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य थेट मिळतं, पाठटाचणाच्या वेळी बरं पडतं. त्याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

ब्रिटिश कौन्सिलची दोन दालनं आहेत, यात बऱ्याच जणांचा घोळ होतो. लर्नइंग्लिश किड्स मुलांसाठी: गाणी, गोष्टी, छापायच्या वर्कशीट. टीचिंगइंग्लिश आपल्यासाठी: तासाचे तयार आराखडे. मला दुसरं जास्त लागलं. तिथे ए-१, ए-२ असं लिहिलेलं दिसलं की घाबरू नका. युरोपातली सहा पायऱ्यांची मोजपट्टी आहे, ए-१ ही सगळ्यात खालची आणि आपलं काम तिथंच. वर्कशीट मात्र जशीच्या तशी झेरॉक्सला देऊ नका. परदेशी वर्कशीटमध्ये लोकरीचे हातमोजे आणि बर्फाचा माणूस असतो, आमच्याकडे मे महिन्यात डांबर वितळतं. हातमोज्यांच्या जागी मी उपरणं आणि टोपली काढून घेते. चित्र वाईट येतं, चालतं.

आणि एक स्वतःसाठी. व्हीओए, म्हणजे व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी प्रसारण संस्थेच्या लर्निंग इंग्लिशचा जुना साठा. साधारण पंधराशे शब्दांच्या मर्यादेत, नेहमीपेक्षा सावकाश वाचलेल्या बातम्या आणि लेख. १९५९ पासूनची ही पद्धत. भाजी चिरताना ऐकते. बीबीसीचं सिक्स मिनिट इंग्लिशही चांगलं आहे, सोबत लिखित मजकूर मिळतो, पण ते मध्यम पातळीचं, मुलांना लावू नका. बारावीनंतर मी इंग्रजी वाचलं भरपूर, ऐकलं फारसं नव्हतं. पोरांना बोलतं करायचं तर आधी माझीच भीड मोडायला हवी होती, हे कबूल करायला मला दिवाळी उजाडली.

पावरी बोलणाऱ्या चार मुलींचं अजून जमलेलं नाही. चौथा रकाना आखला, पण तो भरायला मला पावरी येत नाही. त्यातली एक आता खडू मागून घेते आणि तिचा शब्द स्वतःच लिहिते. बरोबर लिहिलाय का, हे बाकीच्या तिघी ठरवतात.