ऑफिसात गाणी ऐकताना आवाज एकसारखा हवा? लाउडनेस इक्वलायझेशन की रिप्लेगेन

जुन्या मैफलीचं ध्वनिमुद्रण ऐकू यावं म्हणून आवाज ८०वर न्यायचा आणि पुढच्याच सिनेमाच्या गाण्याने कानठळ्या बसायच्या. मग धावत २५वर. दिवसभर हाच व्यायाम.

विंडोजमध्ये यावर फुकटचा उपाय आहे, लाउडनेस इक्वलायझेशन. कंट्रोल पॅनेल, साउंड, आपला हेडफोन, प्रॉपर्टीज, एन्हान्समेंट्स. ड्रायव्हर साथ देत असेल तरच तो दिसतो. दिसला तर ब्राउझर, प्लेअर, प्रशिक्षणाचे व्हिडिओ, सगळ्यांना एकदम लागू. मात्र तो आवाज चालता चालता दाबतो आणि फुगवतो. ख्याल लावून बघा: गायक श्वास घ्यायला थांबला की मागचा तानपुरा हळूहळू वर चढतो आणि सम आली की दबकून बसतो. एकदा हे कानाला लागलं की दुसरं काही ऐकूच येत नाही. ‘रिलीज टाइम’ (दाबलेला आवाज पुन्हा वर यायला लागणारा वेळ) लांब केला तर त्रास कमी होतो, जात नाही.

रिप्लेगेन २००१पासूनचा, स्वभावाने अगदी वेगळा. फूबार२०००सारखा प्लेअर प्रत्येक फाइलच्या आवाजाची पातळी एकदाच मोजतो आणि किती डेसिबल कमी-जास्त करायचं तो आकडा टॅगमध्ये (फाइलीतच असलेल्या माहितीच्या नोंदीत) लिहून ठेवतो. गाण्याच्या आतला चढउतार जसाच्या तसा राहतो. विलंबित आणि द्रुत वेगळ्या फाइलींत असतील तर ‘ट्रॅक’ऐवजी ‘अल्बम’ निवडा, नाहीतर दोन्ही एकाच पातळीवर येतील आणि द्रुतची मजा जाईल. अडचण एवढीच, की हे फक्त आपल्या संग्रहातल्या फाइलींना आणि तेही रिप्लेगेन समजणाऱ्या प्लेअरमध्येच चालतं.

स्पॉटिफाय स्वतःच गाणी साधारण उणे १४ लफ्सवर (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आणतं, तिथे काही करायला नको. यूट्यूब मोठा आवाज खाली आणतं, पण हळू आवाज वर उचलत नाही. म्हणून कुणी कॅसेटवरून चढवलेली मैफल तिथे कुजबुजतच राहते.

माझं म्हणाल तर गाण्यांसाठी रिप्लेगेन. इक्वलायझेशन फक्त भाषणं, वेबिनार आणि पुटपुटणाऱ्या वक्त्यांसाठी.

आणि कॉल आला की गाणं आपोआप बारीक होत असेल, तर यातल्या कुणालाच दोष देऊ नका. विंडोज तेव्हा बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी उतरवतं. साउंडच्याच खिडकीत ‘कम्युनिकेशन्स’ टॅबवर जाऊन ‘डू नथिंग’ निवडा.