मातीची तीन मजली कंपोस्ट टाकी, सहा महिने वापरून

फेब्रुवारीत घेतली, पण पावसाळ्यात काय होतंय ते बघूनच लिहायचं ठरवलेलं. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर दोनच स्टार दिले असते आणि ते चुकीचं झालं असतं.

एकावर एक तीन मडकी, वरच्या दोन्हींच्या तळाला दोरीची जाळी, बाजूनं भोकं, वर झाकण. आम्ही घरात चौघं, कोल्हापुरात शिवाजी पेठेत, ठेवायला जागा म्हणजे गॅलरीचा कोपरा. ओला कचरा वरच्या मडक्यात टाकायचा, वर सुकं काहीतरी पसरायचं, भरलं की मधल्याशी अदलाबदल. एक मडकं काठाला तडकलेलं आलं, फोटो पाठवूनसुद्धा दुकानदारानं बदलून द्यायला बारा दिवस लावले, त्याचा एक स्टार कापला.

खरी अडचण कोकोपीटची, म्हणजे वर पसरायच्या नारळाच्या काथ्याच्या भुशाची. सोबत दिलेली पिशवी महिन्यात संपली, मग आम्ही नुसताच कचरा टाकत गेलो आणि पाचव्या दिवशी असला वास सुटला की सासूबाई म्हणाल्या आधी हे गॅलरीतनं हलव. चूक टाकीची नव्हती, भाजीच्या देठा-सालींत पाणी आणि नायट्रोजन जास्त, त्याला सुक्यातला कार्बन मिळाला नाही की आत हवा खेळत नाही आणि सगळं सडतं. मग माहेरनं, कागलकडनं, पोतंभर पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, आणलं, कात्रीनं बोटाएवढं कापून रोज दोन मुठी टाकते, आठवड्यातनं एकदा आंबट ताकात गूळ विरघळवून शिंपडते. चार दिवसांत वास गेला. मधल्या मडक्यात हात घातला तर आतनं चक्क कोमट लागायचं. अडीच महिन्यांनी पहिलं खत निघालं, काळंभोर, पहिल्या पावसात माती वास मारते ना तसंच. आपल्याकडं पाचटाला काय तोटा, शेतात पेटवूनच देतात की.

जुलैत झड आत गेली, गाळ झाला, पाचट दुप्पट केल्यावर सावरलं. रविवारच्या मटणाची हाडं मात्र टाकू नका, कुजत नाहीत आणि उंदीर येतात.

एवढा खटाटोप कशाला असं शेजारी विचारतात. शहराच्या कचऱ्यात वजनानं निम्म्याच्या आसपास ओलाच असतो, तो ढिगात दबला की हवेशिवाय सडून मिथेन वायू होतो, १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवणारा, आणि उन्हाळ्यात असले ढीग पेटतात. माझी बहीण बावड्यात अशाच ढिगाजवळ राहते, धूर आला की तिच्या पोराचा नेब्युलायझर बाहेर निघतो. कचऱ्याची गाडी म्हणजे टिपर चुकला की कुणीतरी पिशवी नाल्यात भिरकावतं, नाला तुंबतो, आणि जयंती नाला शेवटी पंचगंगा नदीलाच मिळतो. २०१९ चा महापूर बघितलेल्यांना तुंबलेलं पाणी घरात शिरणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आता आमच्या ओल्या बादलीत टिपरसाठी हाडं सोडली तर काहीच नसतं. चार स्टार. चार माणसांना हा साइज पुरतो, पण आधी पाचटाची नाहीतर वाळल्या पानांची सोय करा आणि मगच टाकी मागवा. पेठेत कुणाला पाहिजे असेल तर अर्धं पोतं अजून माझ्याकडं शिल्लक आहे, घेऊन जा.