पहिला सिग्नल कोणता पकडावा: अॅनालॉग की डिजिटल?

आरटीएल-एसडीआर डाँगल (संगणकाला जोडायचा छोटा यूएसबी रेडिओ रिसीव्हर) आला, ड्रायव्हर बसला, एफएम स्टेशन वाजलं. पुढे काय करायचं, इथे बरेच जण अडतात. माझ्यासमोर तेव्हा दोन वाटा होत्या. एक, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून १४५.८०० मेगाहर्ट्झवर येणारी एसएसटीव्ही चित्रं (आवाजाच्या सुरांत पाठवलेली स्थिर चित्रं), म्हणजे अॅनालॉग. दुसरी, रशियाच्या मेटिऑर-एम हवामान उपग्रहांची १३७.९ मेगाहर्ट्झवरची एलआरपीटी चित्रं (एलआरपीटी ही त्यांची चित्रं पाठवायची पद्धत), म्हणजे डिजिटल. दोन्ही गच्चीवरून जमतात आणि व्ही-डायपोल, म्हणजे दोन दांड्यांचा व्ही आकाराचा साधा अँटेना, दोन्हींना चालतो. मी दोन्ही केलं, पण आधी डिजिटल.

डाँगल आत आलेल्या सगळ्याचेच आकडे करतो, त्यामुळे नवख्यांचा गोंधळ होतो. पण आकडे आपल्या घरात होतात. सिग्नल अॅनालॉग की डिजिटल, हे तो हवेत कसा निघाला त्यावर ठरतं.

चित्राच्या दर्जाचं बोलायचं तर तुलनाच नको. मेटिऑरच्या चित्रात एक बिंदू म्हणजे सुमारे एक किलोमीटर. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून सरकणारे ढग आणि त्यांच्या फटीतून दिसणारी कोकणची किनारपट्टी, हे आपल्या गच्चीवर पकडलेलं आहे यावर पहिल्यांदा विश्वासच बसत नाही. एसएसटीव्हीचं चित्र ६४० बाय ४९६ बिंदूंचं, यायला दोन मिनिटं, आणि मध्ये खरखरीचे पट्टे. शिवाय ते रोज नसतं. ठरावीक दिवसांच्या कार्यक्रमापुरतं असतं. मेटिऑर-एम एन२-३ आणि एन२-४ मात्र दिवसातून अनेकदा डोक्यावरून जातात. जुन्या माहितीत अमेरिकेच्या नोआ हवामान उपग्रहांपासून सुरुवात करा असं लिहिलेलं सापडेल. त्यांची एपीटी नावाची अॅनालॉग चित्रसेवा २०२५च्या ऑगस्टमध्ये संपली, त्यामुळे त्या मागे लागू नका.

एवढ्यावरून डिजिटलच निवडावं असं वाटेल. मलाही वाटलं होतं.

तीन आठवडे मी मेटिऑरच्या मागे होतो. वॉटरफॉलवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीनुसार सिग्नल दाखवणाऱ्या सरकत्या आलेखावर, सुमारे १२० किलोहर्ट्झ रुंदीचा पट्टा उमटायचा, म्हणजे उपग्रह होता. सिग्नलमधून चित्र काढणाऱ्या सॅटडंप सॉफ्टवेअरमध्ये मात्र ठिपक्यांचे चार पुंजके (ते नीट जुळले तरच सिग्नल वाचता येतो) काही केल्या जुळायचे नाहीत. बारा-तेरा मिनिटं अँटेना धरून उभं राहायचं आणि शेवटी काळी फाइल. अँटेना चुकलाय, वायर खराब आहे, गेन (सिग्नल मोठा करायचं प्रमाण) कमी आहे की सेटिंग चुकलंय? काही म्हणजे काही कळत नव्हतं. मी गेन वाढवत गेलो, कारण सिग्नल कमी पडतोय असंच वाटत होतं.

एका संध्याकाळी पास (उपग्रहाची आकाशातली फेरी) संपल्यावर सहज सॉफ्टवेअरमध्ये एफएम रेडिओचा मोड लावून १३७च्या आसपास ऐकत बसलो, तर स्पीकरमधून शहरातल्या एफएम स्टेशनची गाणी! तिथे ती असायलाच नकोत. डाँगलमध्ये सिग्नलचे आकडे करणारा भाग, म्हणजे एडीसी, आठ बिटांचा, म्हणजे पायऱ्या २५६. जवळच्या एफएम टॉवरने त्या जवळजवळ सगळ्या भरल्या होत्या, उपग्रहाला एखाद-दुसरी उरत होती. गेन उतरवला, एफएम अडवणारा फिल्टर लावला, आणि दुसऱ्याच दिवशी चित्र आलं. जे तीन आठवड्यांत कळलं नव्हतं, ते कानाने दोन मिनिटांत सांगितलं.

माझा निर्णय इथेच झाला. डिजिटल सिग्नलमध्ये चुका दुरुस्त करायची सोय असते. एलआरपीटीत व्हिटर्बी आणि रीड-सॉलोमन या चुका दुरुस्त करायच्या दोन्ही पद्धती आहेत. सिग्नल एका मर्यादेच्या वर असेल तर चित्र स्वच्छ, जरा खाली गेला की काहीच नाही. जवळ आलो होतो की लांब होतो, हे नवख्याला समजत नाही. अॅनालॉग मात्र बोलतो. एसएसटीव्हीत काळ्यासाठी १५०० हर्ट्झ, पांढऱ्यासाठी २३०० हर्ट्झ, मधल्या छटा मधल्या सुरांत. अँटेना वळवला की खरखर वाढली की घटली ते लगेच ऐकू येतं. हात आणि कान एकत्र शिकतात. चित्र काढायला एसएसटीव्हीचं अॅप असलेला फोन स्पीकरजवळ धरला तरी भागतं.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. विमानांचं एडीएस-बी, म्हणजे विमानं स्वतःची जागा कळवत राहतात ते संदेश, डिजिटल असूनही सोपं आहे. १०९० मेगाहर्ट्झ, सात सेंटिमीटरच्या आसपासची तार, आणि विमानतळ फार लांब नसेल तर पहिल्याच दिवशी नकाशावर विमानं दिसतात. पण तिथेही चेकसम (संदेश बरोबर आला का ते तपासणारे आकडे) न जुळलेले बहुतेक संदेश गुपचूप टाकून दिले जातात. आपण किती गमावतोय ते समजत नाही, म्हणून अँटेना सुधारायची ओढ लागत नाही, असा निदान माझा अनुभव.

ज्याला फक्त ढगांचं चित्र हवंय आणि ज्याच्या घराजवळ एफएम टॉवर नाही, त्याने सरळ मेटिऑर धरावा. कदाचित पहिल्याच पासला जमेल. बाकीच्यांना मी आधी १४५.८०० सुचवेन. एसएसटीव्ही नसेल त्या दिवसांत स्थानकावरचे अंतराळवीर कधी कधी त्याच फ्रिक्वेन्सीवर शाळकरी मुलांशी बोलतात, तेही साध्या एफएमवर. स्थानकाच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सी हळूहळू सरकते (डॉप्लर), ते वॉटरफॉलवर दिसतं, आणि स्थानक मावळताना शब्द खरखरीत बुडत जातात.

माझा डायपोल आता कायमचा पाण्याच्या टाकीजवळ आहे आणि बहुतेक दिवशी मेटिऑरच पकडतो. तरी पास सुरू व्हायच्या आधी मिनिटभर एफएमवर ऐकून घेतो, कुठे गाणी तर येत नाहीत ना.