जाड भिंतींच्या घरात ख्याल: रास्पबेरी पाय आणि लिरिऑन म्युझिक सर्व्हर

इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीतल्या घरांच्या भिंती जाड असतात, त्यामुळे बैठकीतल्या राउटरचे वायफाय माडीवर पोहोचेपर्यंत क्षीण होते आणि गाणे मध्येच अडखळते. म्हणून मी माडीपर्यंत कॅट ५ई ही नेटवर्कची केबल ओढून घेतली, खाली एका जुन्या संगणकावर लिरिऑन म्युझिक सर्व्हर हा संग्रहातली गाणी घरभर पुरवणारा प्रोग्राम बसवला आणि वर डॅकचे (आकड्यांतला ध्वनी विद्युत संकेतात बदलणारे) कार्ड जोडलेला रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक ठेवला. त्यावर पायकोअरप्लेअर ही गाणी वाजवणारी विनामूल्य प्रणाली चालते. या जोडणीबद्दल माझे मत अतिशय अनुकूल आहे.

लिरिऑनचे मूळ स्लिम डिव्हायसेस या कंपनीच्या स्क्वीझबॉक्स या नेटवर्कवरून गाणी वाजवणाऱ्या उपकरणांमध्ये आहे. २००६ साली लॉजिटेकने ती कंपनी विकत घेतली आणि २०१२ साली ही उपकरणे बंद केली, तरी सर्व्हरचा कोड खुला असल्यामुळे जाणकार वापरकर्त्यांनी तो आजवर जोपासला आहे. कंपनीने पाठ फिरवल्यावरही आपला संग्रह वाजत राहतो, याचे मोल मला फार वाटते.

सीडीच्या दर्जाचा ध्वनी सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट जागा घेतो, आणि २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचे स्टीरिओ ध्वनिमुद्रणही सुमारे ४.६ मेगाबिटपुढे जात नाही. १०० मेगाबिटच्या साध्या केबललासुद्धा हा भार नगण्य आहे. वाटेत माहितीचा एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवला जातो आणि प्लेअर पुढचा भाग आधीच साठवून ठेवतो, त्यामुळे डॅकपर्यंत मूळ फाइलमधलेच आकडे पोहोचतात. महागड्या नेटवर्क केबलने आवाज ‘खुलतो’ हे म्हणणे मला म्हणूनच पटत नाही. तो पैसा स्पीकरवर खर्च करावा. केबलचा खरा लाभ निराळा आहे. इथरनेटच्या, म्हणजे नेटवर्क केबलच्या, जोडणीत ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो दोन्ही टोके विजेच्या दृष्टीने वेगळी ठेवतो, त्यामुळे धातूचे आवरण नसलेली साधी केबल वापरली तर संगणकाच्या अर्थिंगमधून येणारी घरघर अँप्लिफायरपर्यंत जात नाही.

हा लाभ कळायला उस्ताद अमीर खाँसाहेबांचा झुमरा तालातला अतिविलंबित ख्याल ऐकावा. चौदा मात्रांच्या त्या संथ आवर्तनात दोन मात्रांमध्ये इतकी मोकळी जागा असते की बारीकशी घरघरही तिथे उघडी पडते. माझ्या माडीवर ती जागा आता स्वच्छ राहते, आणि तानपुऱ्याची आस शेवटपर्यंत ऐकू येते. खाँसाहेबांच्या इंदूरमध्ये राहून त्यांचे गाणे असे ऐकता यावे, याचा आनंद मी लपवणार नाही.

बडा ख्याल आणि छोटा ख्याल सीडीवर अनेकदा वेगवेगळ्या ट्रॅकमध्ये तोडलेले असतात. काही प्लेअर दोन ट्रॅकमध्ये क्षणभर थांबतात आणि ठेका तुटतो. येथे तसे होत नाही. दोन खोल्यांत एकच मैफल लावली तर सर्व्हर दोन्ही प्लेअरची वेळ सतत जुळवत राहतो, त्यामुळे जिना चढताना गाणे मागे-पुढे झाल्यासारखे वाटत नाही. पावसाळ्यात वीज अचानक जाते, पण पायकोअरप्लेअर सगळा मेमरीतून चालत असल्याने मेमरी कार्ड बिघडण्याची भीती फारशी उरत नाही.

उणीव आहे ती मांडणीची. सर्व्हरची पडद्यावरची रचना जुन्या वळणाची आहे, आणि ही सारी व्यवस्था मुख्यतः अल्बम व कलाकार यांचाच विचार करते. राग शोधता यावा म्हणून मी प्रत्येक फ्लॅक (ध्वनीची हानी न होता साठवलेल्या) फाइलच्या ‘प्रकार’ या रकान्यात रागाचे नाव देवनागरीत भरले. काम कंटाळवाणे आहे, पण ‘मारवा’ निवडताच संग्रहातले सगळे मारवे एकत्र समोर येतात. घरातल्या ज्येष्ठांना हे सगळे एकट्याने बसवता येणार नाही, तेव्हा सुरुवातीला कुणी जाणकार सोबत हवा. पुढे रोज ऐकण्यासाठी मोबाइलवरचे ॲप पुरते. घराचे रंगकाम काढणार असाल तर त्याच वेळी भिंतीतून केबलसाठी पाइप घालून घ्यावा, कारण या व्यवस्थेत सर्वांत त्रासाचे काम तेवढेच आहे.